हिरवी झालेली माशांची टाकी

उन्हाळ्याच्या सुटीत मुलांच्या हट्टाने घरात फिश टँक येतो. पहिला महिना सारे घर त्याच्यापुढे बसलेले असते. दादी तस्बीह हातात घेऊन मासे न्याहाळतात, लहानगे प्रत्येक माशाला नाव देतात, पाहुणे आले की आधी टँकचा दिवा लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात काचेवर हिरवट थर धरतो, खडे तपकिरी दिसू लागतात, झाडांच्या पानांवरून केसांसारखे धागे लोंबतात. मग एखाद्या रविवारी घरातले कोणीतरी ओढणी खोचून उठते आणि म्हणते, "आज हा टँक धुऊनच काढते!" आमचे या महिन्याचे सांगणे त्या रविवारसाठी आहे.

गेल्या वर्षी आमच्याच इमारतीत हे घडले. एका घरातल्या टँकमध्ये दोन गोल्डफिश आणि काही मॉली होते. शेवाळ आले म्हणून अम्मीने एका दिवसात सगळे पाणी उपसले, खडे भांड्यांच्या साबणाने घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून स्वच्छ केला आणि थेट नळाचे पाणी भरले. टँक आरशासारखा लखलखला. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकू लागले आणि आठवडाभरात एकेक करून सगळे गेले. मुलगा नऊ वर्षांचा. तो आमच्याकडे येऊन एवढेच म्हणाला, "खाला, अम्मीनं तर नेहमीपेक्षा जास्त साफ केलं होतं. मग का मेले?"

या प्रश्नाचे उत्तर शेवाळात नाही, धुण्यात आहे. मासे जे बाहेर टाकतात त्यातून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा असतो. टँकमधले काही उपयोगी जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट बनवतात. नायट्राइटही घातक, पण नायट्रेट थोड्या प्रमाणात मासे सहज सोसतात. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत; ते फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर वस्ती करून असतात. ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि मोडायला एक दुपार पुरते. साबणाने आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ती मोडली की दोन-तीन दिवसांत अमोनिया वाढतो आणि माशांचे कल्ले जळू लागतात. म्हणजे शेवाळाने मासे मारले नव्हते. सफाईने मारले.

शेवाळ येते कशामुळे?

शेवाळाला तीन गोष्टी लागतात: पाणी, उजेड आणि खत. पाणी तर आहेच. उजेड आपण दिवा लावून देतो. खत म्हणजे तेच नायट्रेट आणि फॉस्फेट, जे माशांच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या खाद्यातून येते. कुंडीतल्या रोपाला जे लागते तेच शेवाळाला लागते. फरक इतकाच, की त्याला कोणी लावावे लागत नाही. पाण्याबरोबर, नव्या झाडाच्या पानाबरोबर त्याचे कण येतातच. ते दिसू लागले की समजावे, टँकमध्ये उजेड किंवा खत, यांपैकी काहीतरी गरजेपेक्षा जास्त झाले आहे.

म्हणूनच नुसते घासून शेवाळ जात नाही. घासल्याने आजचा थर निघतो, पण जे जास्त झाले आहे ते तसेच राहते आणि पंधरा दिवसांत काच पुन्हा हिरवी होते. घासणे हवेच, पण त्याबरोबर माप कमी करणेही हवे.

रंग काय सांगतो?

सगळे शेवाळ एकसारखे नसते. थोडे निरखून पाहिले तर निम्मे निदान घरीच होते.

नवा टँक लावल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काचेवर आणि खड्यांवर तपकिरी पूड बसल्यासारखे दिसते. हे डायटम जातीचे शेवाळ. बोटाने पुसले तरी निघते. टँक जुना होत गेला की बहुधा आपोआप कमी होते. याला घाबरू नये.

काचेवरचा मऊ हिरवा थर सर्वांत सामान्य. उजेड जास्त असल्याची ही खूण. त्याच जागी बारीक, घट्ट, हिरवे ठिपके असतील तर ते स्पंजने निघत नाहीत. जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने खरवडावे लागतात.

हिरवे लांब धागे झाडांत गुंततात. जुन्या टूथब्रशवर शेवयांसारखे गुंडाळून ते बाहेर काढता येतात.

पानांच्या कडांवर आणि फिल्टरच्या तोंडाशी काळ्या दाढीसारखे झुबके आले तर ते चिवट असते. बहुतेक मासे त्याला तोंड लावत नाहीत. ती पाने कापून टाकणे हाच सरळ उपाय.

खड्यांवर गडद निळसर-हिरवी, बुळबुळीत चादर पसरली आणि तिला कुबट वास आला, तर ते खरे शेवाळ नव्हेच. ती सायनोबॅक्टेरिया नावाच्या जिवाणूंची साय असते. ती पाइपने ओढून काढावी लागते, आणि तिच्याखाली बहुधा साचलेला गाळ सापडतो.

आणि सारे पाणीच पालकाच्या पाण्यासारखे हिरवे झाले, पलीकडचा मासा दिसेनासा झाला, तर पाण्यात सूक्ष्म शेवाळ तरंगते आहे. टँकवर थेट ऊन पडत असेल तर हे हमखास होते. नुसते पाणी बदलून ते जात नाही.

आधी दिव्याचा हिशेब

टँकचा दिवा दिवसाला सहा ते आठ तास पुरे. तो कोणत्या वेळी लावायचा ते घराने ठरवावे. संध्याकाळी सगळे घरी असतात तेव्हा लावला तरी चालते. मात्र रोज तीच वेळ असावी. विजेचा साधा टायमर लावला तर विसरण्याचा प्रश्नच राहत नाही.

रमजानमध्ये आपल्या घरांत हे माप बिघडते. इफ्तारपासून तरावीहपर्यंत आणि पुढे सहरीपर्यंत दिवाणखाना जागा असतो, त्याबरोबर टँकचा दिवाही. दिवसाचा उजेड आणि रात्रीचा दिवा मिळून माशांना अंधार मिळतच नाही. या माशांना पापण्या नसतात. विश्रांतीसाठी त्यांना अंधारच लागतो. त्या महिन्यात खोलीत दिवे असले तरी टँकचा दिवा ठरलेल्या वेळी बंद करावा. एवढ्याने ईदला पाहुणे येतील तेव्हा काच स्वच्छ असेल.

टँक खिडकीसमोर असेल आणि दिवसातून एक-दोन तास ऊन त्यावर येत असेल, तर बाकी कोणतेही उपाय अपुरे पडतात. भरलेला टँक सरकवू नये. काच चिरते आणि जोड सुटतात. अशा वेळी खिडकीला जाड पडदा लावावा, किंवा टँकच्या उन्हाकडच्या बाजूला बाहेरून काळा कागद चिकटवावा.

मग खाद्याचा

घरात पाच माणसे असली तर टँकमध्ये पाच हात खाद्य टाकतात. सकाळी अब्बा, दुपारी मुले, संध्याकाळी नानी. मासे काचेपाशी येऊन तोंड उघडतात आणि आपल्याला वाटते, बिचारे उपाशी आहेत. ती भूक असतेच असे नाही. माणूस दिसला की खाद्य येते हे त्यांना कळलेले असते. त्यांनी न खाल्लेला प्रत्येक दाणा तळाशी कुजतो आणि शेवाळाचे खत होतो.

माप सोपे आहे. दोन मिनिटांत संपेल एवढेच टाकावे, दिवसातून एकदा, फार तर दोनदा. घरातल्या एकाच माणसाकडे हे काम द्यावे. आठवड्यातला एक दिवस काहीच घालू नये. निरोगी मोठ्या माशाला त्याने काही होत नाही. ईदला किंवा लग्नाला चार-पाच दिवस गावी जाताना मूठभर खाद्य टाकून जाण्याची पद्धत तर पुरती सोडावी. मोठे, निरोगी मासे आठवडाभर खाद्याशिवाय राहू शकतात. मूठभर खाद्य कुजलेल्या पाण्यात ते तेवढे राहू शकत नाहीत.

माशांची संख्याही पाहावी. गोल्डफिश फार खातो, फार घाण करतो आणि मोठा होतो. लहान टँकमध्ये सहा गोल्डफिश ठेवून शेवाळ येऊ नये अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे.

पाणी बदलावे, पण किती?

दर आठवड्याला चौथा हिस्सा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ सुमारे 56 लिटर पाणी मावते. खडे आणि वरची रिकामी जागा वजा जाता 45 ते 50 लिटर. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे 12 लिटर. एक बादलीसुद्धा भरत नाही. हे काम वीस मिनिटांचे आहे.

आदल्या रात्री बादलीत नळाचे पाणी भरून, झाकण न लावता ठेवावे. त्याने क्लोरीन बहुतांशी उडून जातो आणि पाणी खोलीच्या तपमानाला येते. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन वापरतात, तो असा उडत नाही. म्हणून दुकानात मिळणारे क्लोरीन-नाशक थेंब बाटलीवरच्या मापाने घालणे चांगले. ही बादली वेगळी ठेवावी. जिच्यात कधी साबण पडला ती नको.

हात घालण्यापूर्वी दिवा, हीटर आणि पंप यांचे प्लग काढावेत. हातावर साबण, क्रीम किंवा अत्तर नको. आधी काचा आतून मऊ स्पंजने पुसाव्यात. हा स्पंज नवा असावा, भांड्यांचा नाही. मग पाइप पाण्याने पूर्ण भरून, दोन्ही तोंडे अंगठ्याने दाबून, एक टोक टँकमध्ये आणि दुसरे खाली बादलीत सोडावे. तोंडाने ओढू नये. खड्यांवर पाइप फिरवला की गाळ ओढला जातो. एका आठवड्यात अर्धा तळ, पुढच्या आठवड्यात उरलेला.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये. टँकमधून काढलेल्या त्याच पाण्यात दोन-तीनदा हलक्या हाताने दाबावा. तो मळकटच राहील, राहू द्यावा. वर सांगितलेली जिवाणूंची वस्ती तिथेच आहे.

काढलेले पाणी मोरीत ओतू नका. त्यात औषध किंवा मीठ घातलेले नसेल तर ते कुंड्यांना घाला. जे खत शेवाळाला पोसत होते ते तुळस, मोगरा, पुदिना, कढीपत्ता आनंदाने घेतात.

एवढे करूनही फरक पडत नसेल तर भरतो ते पाणी तपासावे. काही ठिकाणी बोअरच्या पाण्यातच नायट्रेट जास्त असते. मोठ्या अ‍ॅक्वेरियम दुकानांत घरी तपासण्याचे किट मिळते. त्यावर उपाय म्हणून नुसते आरओचे पाणी भरू नये. त्यात माशांना लागणारे क्षार जवळपास नसतात. दोन्ही पाणी मिसळून वापरावे.

हिरव्यावर हिरवेच औषध

शेवाळाचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे झाड. टँकमध्ये खरी, वाढणारी झाडे असली की ती खत आधी खातात आणि शेवाळाला कमी उरते. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया आणि हॉर्नवर्ट ही स्वस्त, चिवट आणि भराभर वाढणारी झाडे आहेत. प्लास्टिकची झाडे मात्र खत खात नाहीत, उलट शेवाळाला बसायला जागा देतात.

ज्यांना पाण्यातली झाडे जमत नाहीत त्यांनी मनीप्लांटची एक फांदी टँकच्या काठावर अडकवावी. मुळे पाण्यात, पाने बाहेर. काही आठवड्यांत पांढरी मुळे पसरतात आणि नायट्रेट ओढून घेतात. पान पाण्यात बुडू देऊ नये, ते कुजते.

"एक सकर टाका, सगळे खाऊन टाकेल"

दुकानदार हे सांगतो आणि आपण दोन इंचांचा काळा, काचेला चिकटणारा मासा घेऊन येतो. तो लहानपणी थोडे शेवाळ खातो हे खरे. पण हा मासा एक फुटाहून मोठा होतो. मोठा झाला की शेवाळ सोडून माशांचे खाद्य खातो आणि भरपूर घाण करतो. म्हणजे शेवाळ कमी करायला आणलेला मासाच खत वाढवतो. मग तो टँकमध्ये मावत नाही म्हणून कोणीतरी दयेने त्याला तळ्यात किंवा नदीत सोडते. ही दया इतरांना महाग पडते. मूळ दक्षिण अमेरिकेतला हा मासा कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ भागात आणि आंध्रातल्या मत्स्यतलावांत पसरला आहे. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात आणि मच्छीमारांचे नुकसान होते. टँकमधला कोणताही मासा, गोगलगाय किंवा झाड ओढ्यात, तळ्यात, विहिरीत सोडू नये. नको असेल तर दुकानाला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावे.

मदतनीस हवाच असेल तर नेराइट गोगलगाय उत्तम. ती काच चाटून स्वच्छ करते, आणि तिची अंडी गोड्या पाण्यात वाढत नसल्याने टँकमध्ये गोगलगायींची फौज होत नाही. फक्त पांढरे ठिपके दिसतात. मॉली मासेही मऊ शेवाळ टिपतात. पण कोणताही मदतनीस आपल्या वाटचे काम करत नाही. दिवा आणि खाद्य आपल्याच हातात राहते.

औषधाची बाटली

शेवाळनाशक द्रवाने शेवाळ मरते, पण मेलेले शेवाळ टँकमध्येच कुजते, पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि खत पुन्हा पाण्यात येते. त्यांतली काही द्रावणे तांब्याची असतात. ती गोगलगायींना आणि कोळंबीला मारतात. माणसांची प्रतिजैविकाची गोळी फोडून टाकणे तर नकोच. ती त्या उपयोगी जिवाणूंनाही मारू शकते.

पाणी हिरवे झाले असेल किंवा ती निळसर साय आली असेल, तर बाटलीआधी अंधार वापरून पाहावा. चौथा हिस्सा पाणी बदलावे, दिवा बंद करावा आणि टँक जाड चादरीने सगळ्या बाजूंनी झाकावा. हवा जायला वर थोडी फट असावी. फिल्टर आणि एअर पंप अखंड चालू ठेवावेत. तीन ते चार दिवस खाद्य नाही, चादर उचलून डोकावणे नाही. मग चादर काढून लगेच पुन्हा पाणी बदलावे, कारण मेलेले शेवाळ बाहेर गेले पाहिजे. मासे आणि बहुतेक झाडे हा अंधार सोसतात. शेवाळाला तो सोसत नाही. मात्र पिल्ले किंवा आजारी मासे असतील तर हा उपाय करू नये. आणि नंतर दिव्याचे तास कमी केले नाहीत तर महिन्याभरात पुन्हा चादर शोधावी लागेल.

किती दिवसांत, आणि किती स्वच्छ?

दिवा आणि खाद्य कमी केल्यावर पहिला आठवडा काहीच बदललेले दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काच पुसण्याची पाळी लांबते, तेव्हा कळते की माप बसले. मधल्या काळात घाई करून एकाच दिवशी सगळे उपाय करू नयेत. एक बदल करावा, दोन आठवडे पाहावे, मग दुसरा.

आणि थोडे हिरवे राहू द्यावे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जुम्मा मशिदीचा जुना हौज ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्यातले मासे आठवत असतील. माशांना काचेसारखे नितळ पाणी लागते असे नाही. विषमुक्त आणि हवा असलेले पाणी लागते. टँकच्या मागच्या काचेवरचा पातळ हिरवा थर पुसू नका. मासे तो दिवसभर टिपतात, आणि तोही पाण्यातले खत थोडे खातच असतो. समोरची काच आपल्यासाठी पुसायची, मागची माशांसाठी ठेवायची.

शेवटची गोष्ट मुलांबद्दल. टँक हिरवा झाला की "तुला सांभाळता येत नाही, देऊन टाकू" असे आपण पटकन म्हणतो. मुलाला मारून-मुटकून शिस्त लावण्यापेक्षा टँकशेजारी एक वही ठेवा. दिवा किती वाजता लावला, किती वाजता बंद केला, खाद्य किती वेळा दिले, पाणी कधी बदलले, एवढे चार रकाने. दर शुक्रवारी काचेचा रंग कसा दिसतो ते एका ओळीत लिहायला सांगा. महिन्याने वही त्याच्याबरोबर बसून वाचा. ज्या आठवड्यात दिवा दहा तास जळला तो आठवडा तो स्वतःच बोट ठेवून दाखवेल.